समोरच्याची सही

४ फेब्रुवारी, सोमवार

आमच्या निबंधलेखनाच्या मॅडमना अख्खं कॉलेज करवत म्हणतं. त्यांच्याकडे दिलेला निबंध परत येतो तेव्हा निम्माच उरलेला असतो. आज त्यांनी या सत्राचं मोठं काम दिलं. मन वळवणारा निबंध, दीड हजार शब्द, एकवीस तारखेला त्यांच्या टेबलावर. इथपर्यंत ठीक होतं. मग म्हणाल्या, "तुमच्या विरुद्ध मताचं एक खरंखुरं माणूस शोधायचं. निबंधात त्याची बाजू मांडणारा एक परिच्छेद लिहायचा आणि त्याला वाचायला द्यायचा. 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं तो म्हणाला, तरच परिच्छेदाखाली त्याची सही घ्यायची. सही नसलेला निबंध मी उघडणारसुद्धा नाही."

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "मॅडम, सही आपणच केली तर?"

"कर ना," करवतबाई म्हणाल्या. "मी त्या माणसाला फोन करते."

गेल्या सत्रात या विषयात मी काठावर पास झाले. या वेळी घसरले तर वर्ष गेलं. म्हणून विषय असा निवडलाय की त्यात हरणं शक्यच नाही. पंचावन्नच्या पुढच्या चालकांची दरवर्षी नजर तपासावी, त्याशिवाय त्यांना गाडी चालवू देऊ नये. विरुद्ध बाजूचं माणूस तर घरातच आहे. बाबा एकोणतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतायत (मलाही त्यांनीच शिकवून लायसन्स काढून दिलं), सत्तावन्नचे आहेत, आणि 'नाही' म्हणायला त्यांना कधी कारण लागत नाही. सही दोन दिवसांत मिळेल.

५ फेब्रुवारी, मंगळवार

जेवताना बाबांना विषय सांगितला.

"तपासणी कशाला?" ते म्हणाले. "दिसतंय की नाही ते रस्ताच सांगतो माणसाला."

"म्हणजे तुम्ही विरोधात?"

"शंभर टक्के. लिहून घे."

एवढ्यात त्यांचा हात लागून पाण्याचा पेला पडला. वादात शिरले की हातवारे फार करतात. आईने फडकं आणून पुसलं आणि नवा पेला त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला. ती काही बोलली नाही. एरवी पेला सांडला की घर डोक्यावर घेते.

७ फेब्रुवारी, गुरुवार

आज आराखड्याचा तास. करवतबाईंनी बाकं भिंतीला लावली आणि आम्हाला फरशीवर बसवलं. एक मुद्दा, एक चिठ्ठी. चिठ्ठ्या ओळीने मांडायच्या, मग त्यातली एक उचलायची. उचलून काहीच अडलं नाही तर ती चिठ्ठी टोपलीत. माझ्या अकरा होत्या. चाकाचा शोध, मानवी प्रगती, रस्ते म्हणजे देशाच्या रक्तवाहिन्या वगैरे चार चिठ्ठ्या तर मी सुरुवातीलाच लावल्या होत्या. बाई म्हणाल्या, "नमनालाच घडाभर तेल! वाचणारा झोपला इथेच. तुझं म्हणणं काय ते एका श्वासात सांग."

मी सांगितलं. "हेच पहिलं वाक्य," त्या म्हणाल्या. अकरांतल्या चार उरल्या. क्रम कसा लावायचा ते विचारलं तर उत्तर आलं, "सगळ्यात भक्कम मुद्दा शेवटाकडे. लंगडा मुद्दा कुठेच नको."

तासानंतर भक्कम मुद्दा शोधायला ग्रंथालयात बसले आणि मिळाला! डोळ्यांचा एक आजार असतो, काचबिंदू. त्यात बहुतेकदा आधी कडेची नजर जाते. समोरचं वाचता येतं, सुईत दोरा ओवता येतो, आणि बाजूने येणारं माणूस मात्र दिसतच नाही. गंमत म्हणजे त्या माणसाला हे कळतही नाही, कारण जे दिसत नाही तिथे काळं दिसत नाही, मेंदू आजूबाजूचं काहीतरी पसरून ती जागा भरून काढतो. वाचून मला इतका आनंद झाला की ग्रंथपालांनी वर बघितलं.

घरी आल्यावर बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते बूट पुसत होते. "चांगलं आहे," म्हणाले, आणि तोच बूट पुन्हा पुसायला घेतला.

१० फेब्रुवारी, रविवार

पहिला परिच्छेद बाबांसमोर ठेवला. अनुभवाला पर्याय नाही, एकोणतीस वर्षांत एकही अपघात नाही, शेकडो लोक यांच्या हाताखाली शिकले, वगैरे. मला वाटलं खूश होतील.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. "छान आहे. पण हे माझं नाही."

"अहो, तुमचंच आहे! तुम्हीच मंगळवारी म्हणालात."

"बोलायला बोललो. सही करण्यासारखं नाही हे. माझ्या निरोपसमारंभात वाचायला ठेव."

घोडं अडलं ते असं. बरं, चिडावं तर बाबा इतक्या शांतपणे बोलतात की चिडणाऱ्याचीच पंचाईत होते.

जाता जाता लिहून ठेवते. आईला हल्ली बाबांच्या गाडीत मागे बसून जायचं खूळ लागलंय. विणकामाची पिशवी घ्यायची आणि शिकवणीला निघायचं. "घरात कंटाळा येतो," म्हणते. पंचवीस वर्षं नाही आला तो! सकाळी आठला एक बँकवाल्या बाई शिकायला येतात, पन्नाशीच्या, नेहमी नीटनेटक्या, अत्तर लावलेल्या. माझा संशय असा की आई नजर ठेवायला जाते. या वयात काय हे. मैत्रिणीला सांगितलं तर ती पोट धरून हसली.

१३ फेब्रुवारी, बुधवार

दुसरा परिच्छेद. या वेळी मी पोटापाण्यावरून लिहिलं. ज्याचं घर गाडीवर चालतं त्याच्या हातातून ती काढून घेतली तर त्याने या वयात करायचं काय? लिहिताना माझेच डोळे भरून आले.

बाबांनी वाचला आणि कागद घडी घालून माझ्याकडे सरकवला. "यातलं एकही अक्षर खोटं नाही. पण यावर मी सही करणार नाही."

"का पण?"

"ही दया मागितल्यासारखी होईल. मी वाद घालतोय, पदर पसरत नाही."

"मग तुम्हाला म्हणायचंय तरी काय?"

"ते तू शोधायचंस, विदुषी. माझं म्हणणं मीच सांगितलं तर मार्क मला मिळायला हवेत."

पालथ्या घड्यावर पाणी. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशातले आहेत आमचे बाबा. नापास झाले तर फळ्यावर त्यांचंच नाव लिहीन.

आज ते दोघं शिकवणीवरून तासभर लवकर परतले. बँकवाल्या बाईंना बरं वाटेना, असं बाबा म्हणाले. आईचा चेहरा पांढराफटक होता. विणकामाची सुई मोडली म्हणे. सुई मोडली म्हणून कोणी इतकं गप्प बसतं का? पण आमच्याकडे कधी कशाचं काय होईल सांगता येत नाही. मी चहा केला, तो कोणी प्यायला नाही.

१६ फेब्रुवारी, शनिवार

सही मिळाली!!

झालं असं. घटक चाचणीचे मार्क गुरुवारीच फलकावर लागलेत. मी अजून बघायला गेलेले नाही. आई सकाळपासून मागे लागली होती, "अगं, फोन करून मैत्रिणीला तरी विचार." मी म्हटलं, "नको. बघितले नाहीत तोवर मी पास आहे. निदान सोमवारपर्यंत तरी मला पास राहू दे."

बाबा हसले. अगदी ठसका लागेपर्यंत. मग हसू ओसरलं आणि ते माझ्याकडे बघत राहिले. "हे लिही," म्हणाले.

"काय?"

"आत्ता बोललीस ते. माझी बाजू हीच आहे."

मी तिथेच बसून लिहून काढलं. खाली उतरवून ठेवते, कारण मला फार आवडलंय:

'माझा तपासणीला विरोध नाही. विरोध आहे तो तपासणीनंतरच्या पहिल्या मिनिटाला. आज मी सकाळी उठतो तेव्हा गाडी चालवणारा माणूस असतो. तपासलं नाही तोवर उद्याही असेन. तुमच्याकडे आकडे आहेत, ते बरोबरही असतील. पण माझ्याजवळ जे आहे ते मी आपल्या पायांनी चालत जाऊन कोणाच्या हातात का द्यावं?'

बाबांनी वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला. "पेन दे." सही केली, तारीखही घातली, आणि गाडी धुवायला खाली गेले. गाडी त्यांनी सकाळीच धुतली होती.

असो. सुटले एकदाची! बाबांचा स्वभाव विचित्र आहे, पण ऐन वेळी उपयोगी पडतो.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

सही मिळाली म्हणून उड्या मारत होते, पण आता त्या परिच्छेदाला उत्तर सुचेना. माझे चारही मुद्दे त्याच्यासमोर बोबडे वाटायला लागलेत. आकडे काढले की तो परिच्छेद म्हणतो, 'ते बरोबरही असतील.' आता काय बोलणार?

दोन तास खपून शेवटी लिहिलं की हा निव्वळ भित्रेपणा आहे. बाबांना दाखवायला नको होतं, पण सवय लागलीय. ते टेबलाशी येऊन बसले. येताना खुर्चीच्या पायाला अडखळले. ती खुर्ची आई रोज आत सरकवून ठेवते, आज मीच बाहेर ओढली होती.

"भित्रा म्हणालीस की समोरचा कान बंद करतो," ते म्हणाले. "चढावर गाडी मागे जायला लागली की शिकणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं. तेव्हा मी त्याला 'भित्रा' म्हटलं तर तो सगळंच सोडून देईल. मी आधी म्हणतो, भीती वाटतेय ना, वाटणारच. मग सांगतो, पाय कुठे ठेवायचा."

"म्हणजे इथे काय लिहू?"

त्यांनी माझा कागद आपल्याकडे ओढला. "लिही की, तुझ्याजवळचं जे जायचं ते जातच असेल, बघितलं नाहीस तरी. बघितलंस तर उरलेलं तरी राहील." मग म्हणाले, "असं असतं ना त्या आजारात? तूच वाचलं होतंस."

असंच असतं. गेलेलं परत येत नाही, पण औषधाने उरलेलं राखता येतं. हे माझ्या चिठ्ठीवर होतं आणि मला ते उत्तर म्हणून सुचलं नव्हतं.

शेवट मी 'चला, डोळ्यांची काळजी घेऊ या' असा केला होता. बाबांनी त्यावर आडवी रेघ मारली. करवतबाईंचे भाऊ शोभले असते. "असं मोघम सांगितलं की माणूस मान हलवतो आणि घरी जातो. एकच काम सांग. कुठल्या वारी जायचं, किती वाजता जायचं, आणि बरोबर कोण येणार."

"बरोबर कोण, हेसुद्धा?"

"ते आधी लिही."

लिहिलं. 'येत्या आठवड्यातली एक सकाळ ठरवावी आणि बरोबर घरातलं एक माणूस न्यावं.' खरं तर बाबांनी मास्तर व्हायला हवं होतं. तसे ते आहेतच म्हणा.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

निबंध दिला. एक हजार चारशे ब्याऐंशी शब्द. चाचणीचे मार्कही बघून आले, पास आहे. घरी येऊन दुपारभर झोपले.

२५ फेब्रुवारी, सोमवार

हे लिहायला बसून बराच वेळ झाला.

तास संपल्यावर करवतबाईंनी मला थांबवून घेतलं. माझा निबंध त्यांच्या हातात होता आणि त्यावर लाल रेघा जवळजवळ नव्हत्याच. मी मनातल्या मनात मार्क लावायला लागले होते. त्यांनी सहीचं पान उघडलं.

"हे वडील ना तुझे? काय करतात?"

"ड्रायव्हिंग स्कूल आहे त्यांचं, मॅडम."

"अजून शिकवतात?"

"रोज. सकाळी आठपासून."

त्यांनी निबंध मिटला. मग खुर्ची पुढे ओढून मला बसायला सांगितलं. त्यांनी याआधी कोणाला बसायला सांगितलेलं मी पाहिलं नाही. "विरुद्ध बाजूचे परिच्छेद मी पुष्कळ वाचलेत," त्या म्हणाल्या. "त्यात मतं असतात. यात मत नाही. हा माणूस स्वतःबद्दल बोलतोय. त्यांचे डोळे कधी तपासलेत?"

मी हसून 'छे हो' म्हणणार होते. तोंड उघडलंही. आणि पेला आठवला. मग खुर्ची, मग तो दोनदा पुसलेला बूट. पेला डाव्या बाजूला होता. खुर्चीही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ग्रंथालयात मला जे कळलं ते घरात तीन आठवडे माझ्यासमोर चालत-फिरत होतं आणि मी त्यावर चिठ्ठ्या लिहीत होते. मला माझीच लाज वाटली. त्यांना मी ते केवढ्या आनंदाने वाचून दाखवलं!

घरी बाबा नव्हते. आई सोफ्यावर विणत होती. मी सरळच विचारलं, "आई, तू गाडीत मागे कशाला बसतेस?"

तिने विणकाम खाली ठेवलं. "डावीकडे बघायला," ती म्हणाली.

तीन महिने ती डावीकडे बघतेय. तेराव्या तारखेला एक सायकलवाला डावीकडून आला. बँकवाल्या बाई नवख्या, त्यांना दिसला नाही. बाबांनाही दिसला नाही. आई मागून किंचाळली तेव्हा बाबांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. सायकलवाला शिव्या देत निघून गेला. त्याच्या चाकात आणि गाडीत वीतभर अंतर होतं, असं आई म्हणाली आणि वीत करून दाखवली.

"मग तू त्यांना बोलत का नाहीस?" मी ओरडलेच.

"कुठल्या शब्दांत बोलू गं?" आई म्हणाली. "तुला दीड हजार सुचले. मला चार सुचत नव्हते."

मी तिच्याशेजारी बसले आणि तिचा हात धरला.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांशी बोलायचं ठरवून सकाळी साडेसातला खाली गेले. पहिलं वाक्य एका श्वासात सांगायचं, हे मला आता येतं. बाबा गाडीची काच पुसत होते.

मी काही म्हणायच्या आत तेच म्हणाले, "गुरुवारी सकाळी कॉलेज आहे का तुला?"

"का?"

"दहाची वेळ घेतलीय डोळ्यांच्या दवाखान्यात. घरातलं एक माणूस बरोबर न्यावं, असं कोणीतरी लिहिलंय." काच पुसून झाली तरी ते पुसत होते. "आईला सांगू नको. उगाच काळजी करेल."

मी 'बरं' म्हटलं. आजपासून परवापर्यंतच्या सगळ्या शिकवण्या त्यांनी आपणहून रद्द केल्या होत्या, हे मला नंतर आईकडून कळलं.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

नजरेचा परीघ तपासायचं एक यंत्र असतं. आतून पांढरं, मोठ्या अर्ध्या वाडग्यासारखं. त्यात हनुवटी टेकवून समोरच्या एका ठिपक्याकडे बघत बसायचं. आत कुठे ना कुठे बारीक दिवे लागतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं. एका वेळी एक डोळा, दुसऱ्यावर पट्टी. यंत्रावरच्या ताईंनी मला मागे स्टुलावर बसायची परवानगी दिली, न बोलण्याच्या अटीवर. दिवा कुठे लागतोय ते त्यांच्या पडद्यावर ठिपक्यांनी दिसत होतं.

आधी उजवा डोळा. ठिपका, टक. ठिपका, टक. मध्येच एखादा सुटायचा. मी जरा सैलावले.

मग डावा. सुरुवातीला दोन-तीनदा टक झालं. नंतर पडद्यावर ठिपका आला, आवाज नाही. दुसरा आला, आवाज नाही. बाबा पाठ ताठ करून, अंगठा बटणावर ठेवून, अगदी लक्ष देऊन बसले होते. शिकणाऱ्याला चाक पहिल्यांदा देताना बसतात तसे. ठिपके येत होते आणि ते वाट बघत होते. मी मोजायला लागले आणि एकतिसावर सोडून दिलं. ओरडून सांगावंसं वाटत होतं, बाबा, आत्ता! आत्ता दाबा! तोंडावर हात धरून बसले.

ते बाहेर आले ते हसतच. "काही अवघड नव्हतं. एकही सोडला नाही. दिवा लागला की दाबला."

डॉक्टरांनी आत बोलावेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. त्यांनी मान पूर्ण वळवून माझ्याकडे बघितलं.

"तू मागे होतीस ना? किती सुटले?"

दावा, पुरावा, क्रम, उत्तर, सगळं मला पाठ होतं. त्यातलं काहीच कामाला आलं नाही. "बरेच, बाबा," मी म्हटलं. "डाव्या डोळ्याचे."

"लागत होते?"

"हो."

"मध्ये बराच वेळ काहीच नव्हतं. मला वाटलं, त्या बाई यंत्र थांबवून कुठे गेल्या." ते हातातल्या फाइलकडे बघत राहिले. "नक्की लागत होते?"

"नक्की. मी बघत होते."

मला रडू आलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसले. एरवी ते असं करत नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं ते निबंधात होतंच. गेलेलं परत येणार नाही, थेंब आयुष्यभर घालायचे, उरलेलं राखायचं. दुसऱ्यांना शिकवायला गाडीत बसणं मात्र आता बंद. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "आजपासूनच?" डॉक्टर हो म्हणाले.

बाहेर गाडीपाशी आल्यावर बाबा सवयीने चालकाच्या दाराशी गेले, थांबले, आणि किल्ली माझ्या हातात देऊन पलीकडच्या बाजूला जाऊन बसले. मी आत बसले तरी मला किल्ली लावता येईना.

"घाई नाही," बाबा म्हणाले. "आधी आरसे तुझ्या उंचीचे करून घे."